मनगटावरची मोजदाद

फराळाच्या ताटाशेजारी कडू काढा ठेवतो म्हणून वाचकांनी रागावू नये. पण सणाला पुण्या-मुंबईहून जालना जिल्ह्यातल्या गावोगावी येणाऱ्या चिरंजीवांच्या पिशवीत मिठाईबरोबर पावले मोजणारे घड्याळ असणार, आणि ते कंपवाताने गांजलेल्या वडिलांच्या मनगटावर चढणार, म्हणून आजच भांडून घेतो.

माझे वैर यंत्राशी नाही. डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या व्याधीवर निबंध लिहिला तो सहा रोग्यांवरून, आणि त्यांतले काही तर त्यांना रस्त्यातच दिसलेले! उलट ब्रिटनमध्ये २०१३ ते २०१५ या काळात सुमारे १,००,००० माणसांनी हालचाल टिपणारे यंत्र आठवडाभर मनगटाला बांधले. त्या नोंदींत निदानाच्या कित्येक वर्षे आधीच मंदावलेली हालचाल दिसली, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. हे थोर काम आहे.

पण तुमच्या बाजारी घड्याळाचे काय? कंपवाताचा रोगी पाय घासत चालतो. काठी धरलेला हात झुलत नाही. असली पावले घड्याळ पुष्कळदा गाळून टाकते. मंठ्याच्या वाटेवर एस.टी.ने दिलेले हादरे मात्र पावले म्हणून जमा झाले तर मला नवल वाटणार नाही! आई बसल्या जागी ज्वारी पाखडते, त्या श्रमांना तर या खतावणीत खातेच नाही. आणि ते १०,००० पावलांचे प्रस्थ? १९६५ साली जपानात एका पाऊलमापकाचे नावच ‘दहा हजार पावलांचे माप’ असे ठेवले होते. विक्रीसाठी घेतलेला तो गोल आकडा आपण वेदवाक्य करून बसलो.

मग रात्री फोन येतो, “बाबा, आज आठशेच?” मी मास्तर आहे, गुण कापल्याने पाय दुखावलेले पोर धावू लागत नाही, एवढे मला ठाऊक आहे. बाप बिचारा आकडा भरण्यासाठी गोळीचा अंमल उतरल्यावर अंगणात फेऱ्या घालतो, आणि पाय जमिनीला खिळण्याचे भय नेमके तेव्हाच अधिक!

नोंद हवी ती डॉक्टरांना. त्यांच्यापुढे रोगी दहा मिनिटे उसने अवसान आणून बसतो. घरी गोळी कोणत्या वेळी उतरते, हे चांगले यंत्र सांगू शकते. तसे यंत्र आणि ते वाचणारा जाणकार अंबड-परतूरच्या सरकारी रुग्णालयात मिळावा, म्हणून भांडा ना! तोवर चार दिवस घरी आहात, तर गोळी लागू पडली की वडिलांना वेशीपर्यंत न्या, त्यांच्या चालीने. उंबऱ्याशी कुठे अडतात, वळताना किती पावले लागतात, ते वेळेसह वहीत लिहा, आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.