मुलीची शाळा : लुसाका कीं मुळशी?

गेल्या महिन्यांत आलेल्या पत्रांपैकीं एक पत्र आफ्रिकेंतील आहे. तें लिहिणाऱ्या भगिनी झांबियाच्या लुसाका शहरीं राहतात. यजमान तेथें एका कंपनींत इंजिनियर आहेत. नोकरीचा करार तीन वर्षांचा असून त्यांतलें दीड वर्ष सरलें. पुढें करार वाढेल, कीं बिऱ्हाड हलवून तिसऱ्याच देशीं जावें लागेल, हें आज कोणालाच सांगतां येत नाहीं. थोरली मुलगी आणखी चार महिन्यांनीं दहावी इयत्ता पुरी करील. सासरे पौडास असतात आणि थोरले दीर पुण्यास. मुलीच्या पुढील दोन वर्षांच्या शिक्षणाविषयीं घरांत दोन तट पडले आहेत. यजमानांच्या मतें तिनें लुसाकांतीलच इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या शाळेंत शिकावें. फी कंपनी देते. मामंजींचें म्हणणें असें कीं, त्याच अभ्यासक्रमाचें कॉलेज आपल्या मुळशी तालुक्यांत टेकडीवर उभें आहे, साऱ्या जगाचीं मुलें तेथें शिकावयास येतात, मग आपलीच नात परक्या मुलखांत कां राहावी? “दोघांचेंही मला पटतें, म्हणूनच निर्णय होत नाहीं. आपण काय सांगाल?” असें भगिनी विचारतात.

हा प्रश्न आतां एका घरापुरता राहिलेला नाहीं. पूर्वीं नोकरीसाठीं मुंबईस गेलेल्या मुलाचीं लेंकरें सुटींत गांवीं येत. आतां तीं नैरोबीहून आणि दार-ए-सलामहून येतात. म्हणून उत्तर जरा विस्तारानें देत आहों.

प्रथम हा अभ्यासक्रम कशासाठीं निघाला तें पाहूं. जिनिव्हा शहरांत राष्ट्रसंघाच्या काळापासून देशोदेशींच्या अधिकाऱ्यांचीं मुलें एकत्र शिकत. तेथील आंतरराष्ट्रीय शाळा १९२४ सालची. बाप आज येथें तर उद्यां तेथें. मुलानें कोणत्या देशाची परीक्षा द्यावी आणि कोणत्या देशाच्या विद्यापीठांत जावें, हा पेंच घरोघरीं पडे. तो सोडविण्यासाठीं १९६८ सालीं जिनिव्हांतच इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था स्थापन झाली. संक्षेपानें तिला आय. बी. म्हणतात. म्हणजे ज्यांचें बिऱ्हाड विंचवाच्या पाठीवर आहे, अशाच कुटुंबांसाठीं ही योजना मुळांत निघाली. १९७२ सालीं युगांडांतून हजारों भारतीय कुटुंबांना नव्वद दिवसांच्या आंत बाहेर पडावें लागलें. दुकानें आणि घरें मागें राहिलीं, मुलांनीं शिकलेली विद्या तेवढी बरोबर आली. परदेशीं राहणाऱ्या माणसाला ‘कोठेंही चालणारें शिक्षण’ हवेंसें वाटतें, तें उगाच नव्हे.

या संस्थेची शेवटची पायरी म्हणजे दोन वर्षांचा डिप्लोमा. त्यांत सहा विषय असतात. बहुधा तीन उच्च पातळीवर व तीन सामान्य पातळीवर घ्यावयाचे. प्रत्येकास सात गुण, म्हणजे बेचाळीस. याखेरीज चार हजार शब्दांपर्यंतचा एक स्वतंत्र प्रबंध आणि ‘ज्ञान म्हणजे काय’ याचा विचार करावयास लावणारा एक विषय मिळून तीन गुण, एकूण ४५. किमान २४ गुण मिळवावे लागतात, शिवाय इतर कांहीं अटी असतात. कला, शारीरिक उद्योग आणि सेवा यांतही विद्यार्थ्यानें भाग घेतलाच पाहिजे. पाठांतरापेक्षां विचाराला येथें अधिक मान आहे, हें खरें. परंतु विचार करण्यासही कष्ट पडतात. हा सोपा अभ्यासक्रम आहे असें कोणीं समजूं नये.

आतां मामंजींच्या टेकडीकडे वळूं. पौडजवळ खुबवलीच्या हद्दींत, मुळेच्या खोऱ्यावर नजर टाकणारें तें कॉलेज १९९७ सालीं सुरू झालें. कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या प्रेरणेनें १९६२ सालीं वेल्समध्यें जें अटलांटिक कॉलेज निघालें, त्याच युनायटेड वर्ल्ड कॉलेज परिवारांतील हें एक. देशोदेशींच्या मुलांना एकत्र राहावयास लावून परस्परांविषयींचा दुरावा घालवावा, हा त्या परिवाराचा हेतु. म्हणून तेथें जाण्याची मुख्य वाटही निराळी आहे. देशोदेशींच्या राष्ट्रीय समित्या साधारण सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांतून निवड करतात, आणि गरजेप्रमाणें शिष्यवृत्तीही मिळते. निवडलेल्या मुलाला आपल्या घराजवळचेंच कॉलेज मिळेल असें मुळींच नाहीं. किंबहुना त्याला घरापासून दूर पाठवावें, अशीच त्यांतली कल्पना आहे. पूर्ण फी देऊन अमुकच कॉलेजासाठीं अर्ज करण्याची दुसरी वाट आहे. परंतु निवड तेथेंही चुकत नाहीं. ‘आपल्या तालुक्यांतलें कॉलेज’ म्हणून नातीचें नांव जाऊन घालून यावें, अशी ती जागा नव्हे.

याच परिवाराची एक शाळा आफ्रिकेंत आहे. स्वाझीलंड, म्हणजे आजच्या एस्वातिनी देशांत, वॉटरफर्ड कम्हलाबा नांवाची ती शाळा १९६३ सालीं मुद्दाम स्थापन झाली. कारण शेजारच्या दक्षिण आफ्रिकेंत गोऱ्या आणि काळ्या मुलांना एका बाकावर बसण्याची बंदी होती. नेल्सन मंडेला तुरुंगांत असतांना त्यांच्या मुली तेथें शिकल्या. शाळा निवडणें हें त्या आई-बापांना केवढ्या मोलाचें वाटलें असेल! टांझानियांत किलिमांजारोच्या पायथ्याशीं मोशी येथील शाळाही २०१९ पासून याच परिवारांत आहे. तेव्हां मुळशीच्या टेकडीवर जें मिळतें, त्याच्या जवळपासचें आफ्रिकेंतही मिळूं शकतें. दुरून डोंगर साजरे, ही म्हण पौडहून पाहणाऱ्यालाही लागू आहे आणि लुसाकाहून पाहणाऱ्यालाही.

मग निवड कशी करावी? आमच्या मतें शाळेची इमारत पाहण्यापूर्वीं मुलीला विचारावें : अठराव्या वर्षीं तूं कोठें शिकणार? उत्तर इंग्लंड, नेदरलंड्स, कानडा असें असेल तर आय. बी. ची वाट सरळ आहे. उत्तर भारत असेल तर मात्र तीन गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

पहिली गोष्ट विषयांची. भारतीय विद्यापीठांच्या संघानें या डिप्लोम्यास बारावीच्या बरोबरीचा मानलें आहे. तेवढ्यावर निर्धास्त राहूं नये. वैद्यकीय शिक्षणास पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय लागतात, आणि प्रवेशपरीक्षा द्यावी लागते ती निराळीच. डिप्लोम्याच्या नेहमींच्या रचनेंत मात्र शास्त्राचे दोनच विषय बसतात. तीन हवे असल्यास विद्यापीठाची अट दाखवून शाळेनें आधीं परवानगी मिळवावी लागते. ही गोष्ट दुसऱ्या वर्षीं कळून उपयोग नाहीं. शिवाय राज्याच्या वाट्याच्या जागांना अधिवासाचे व महाराष्ट्रांतच परीक्षा उत्तीर्ण होण्याचे निर्बंध असतात, ते मुलीला लागू पडतात कीं नाहीं तें अगोदर पाहावें. डॉक्टरच व्हावयाचें व तेंही येथेंच, असा निश्चय असेल, तर भारतीय मंडळाची शाळा अधिक सोयीची. अशा शाळा आफ्रिकेंतील कांहीं शहरांतही आहेत.

दुसरी गोष्ट वेळेची. मे महिन्यांतील परीक्षेचा निकाल जुलैच्या आरंभीं लागतो. दक्षिणेकडील कांहीं शाळा नोव्हेंबरांत परीक्षा देतात, त्यांचा निकाल निराळ्या वेळीं. येथील प्रवेशांचें वेळापत्रक आपल्यासाठीं थांबत नाहीं. शाळेची परीक्षा कोणत्या महिन्यांत असते, हें पहिल्याच भेटींत विचारावें.

तिसरी गोष्ट नांवाची. ‘इंटरनॅशनल’ हा शब्द पाटीवर कोणीही लिहूं शकतो. शाळेस आय. बी. ची मान्यता मिळालेली आहे, कीं ती नुसती उमेदवार आहे. आणि मान्यता आहे ती प्राथमिक वर्गांची कीं डिप्लोम्याची, हें त्या संस्थेच्या यादींत पाहून घ्यावें. खालचे वर्ग आय. बी. चे आणि वरचे इंग्लंडच्या परीक्षांचे, असाही प्रकार आढळतो.

आतां या भगिनींच्या घराचा हिशेब मांडूं, कारण तो कोणींच मांडलेला दिसत नाहीं. करार उरला दीड वर्ष. दहावी संपावयास चार महिने. म्हणजे डिप्लोम्याचें पहिलें वर्ष संपून थोडे दिवस होतात न होतात तोंच करार संपणार! एका शाळेंतून दुसऱ्या शाळेंत जातांना खालच्या वर्गांत फारसें अडत नाहीं. डिप्लोम्याच्या मध्यांत मात्र फार अडतें. सहाच्या सहा विषय, त्याच पातळीवर, दुसऱ्या शाळेंत मिळणें कठीण, आणि अर्धा झालेला प्रबंध नव्या शिक्षकाच्या हातीं द्यावयाचा. जी विद्या कोठेंही नेतां येते म्हणून घेतली, ती नेमकी या दोन वर्षांत जागची हलवितां येत नाहीं. म्हणून यजमानांनीं कंपनीकडून पुढील दोन वर्षांचें, फीसकट, लेखी आश्वासन घ्यावें. तें मिळालें तर मुलीनें आई-वडिलांजवळ लुसाकांतच शिकावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तें न मिळालें तर? तर तिनें आरंभापासूनच पुण्यास यावें. यासाठीं टेकडीवरचें कॉलेज हाच एक उपाय नाहीं. मुळशी तालुक्यांतच हिंजवडी येथें आय. बी. ची दिवसाची शाळा आहे. आजचें तिचें नांव महिन्द्र इंटरनॅशनल स्कूल. जर्मन मोटार-कंपनीच्या नोकरीनिमित्त पुण्यास आलेल्या परदेशी कुटुंबांच्या मुलांसाठीं ती मुळांत निघाली. त्या मातांनाही हाच घोर लागला असेल! काकांच्या घरीं राहून तेथें किंवा पुण्यांतील दुसऱ्या एखाद्या शाळेंत जातां येईल. मात्र फी मग स्वतःच्या पदरची, आणि ती थोडी नसते. शिवाय सोळाव्या वर्षीं मुलगी आईपासून दूर. काकूंवर दोन वर्षांची जबाबदारी येईल, तेव्हां त्यांना आधीं विचारावें. ‘घरचीच आहे’ म्हणून गृहीत धरूं नये. टेकडीवरील कॉलेजासाठीं मुलीनें स्वतः उत्सुक असेल तरच अर्ज करावा, आणि निवड होऊन ती दुसऱ्याच देशीं गेली तरी घरानें आनंद मानण्याची तयारी ठेवावी.

शेवटीं एक गोष्ट. पत्राच्या अखेरीस भगिनींनीं सहज लिहिलें आहे कीं, मामंजींनीं नातीकडे एका पत्राची मागणी केली होती. तिनें तीन ओळी लिहिल्या, त्याही इंग्रजी अक्षरांत. मामंजी त्यावर कांहीं बोलले नाहींत. आम्हांला वाटतें, ‘नातीला घरीं आणा’ या त्यांच्या आग्रहाचें मूळ या न बोलण्यांत आहे. त्यांना शाळेची चिंता नाहीं, नात आपल्याला परकी होईल याची आहे. ती चिंता खरी आहे. परंतु तिच्यावरचा उपाय टेकडीवर नाहीं. साऱ्या जगाच्या मुलांत राहून मराठी येते असें नाहीं. १९२१ सालीं याच मुळशींत मावळच्या शेतकऱ्यांनीं सेनापति बापटांबरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, ही हकीकत टेकडीवर राहणाऱ्या मुलाला आपोआप कळत नाहीं. ती आजोबांनींच सांगावी लागते.

उपाय त्याच अभ्यासक्रमांत आहे. शाळेंत शिक्षक नसला तरी विद्यार्थ्याला आपल्या मातृभाषेचें साहित्य ‘स्वाध्याया’नें, सामान्य पातळीवर, डिप्लोम्याचा पूर्ण विषय म्हणून घेतां येतें, त्या भाषेंत पुरेसें लिखित साहित्य असलें पाहिजे, आणि तें मराठींत नाहीं असें कोण म्हणेल? शाळेनें मात्र त्यासाठीं दोन वर्षें सुरू होण्यापूर्वींच विनंती करावी लागते. नऊ ग्रंथ वाचावयाचे; कांहीं मूळ मराठी, कांहीं भाषांतरित. तीन ओळी लिहिणाऱ्या मुलीला हें आज झेपणार नाहीं, हें उघड आहे. परंतु चार महिने हातीं आहेत, आणि पौडास एक रिकामपणीं बसलेला शिक्षक आहे. आठवड्यांतून दोनदां दूरध्वनीवर आजोबांनीं वाचावें, नातीनें ऐकावें. मग नातीनें वाचावें, आजोबांनीं ऐकावें. आणि दर रविवारीं देवनागरींत एक पत्र. चार महिन्यांनीं जमलें नाहीं, तर विषय दुसरा घ्यावा. पत्रें तरी लिहून झालेलीं असतील.

भगिनींनीं कंपनीचें उत्तर आल्यावर आम्हांस अवश्य कळवावें. परदेशीं मुलें शिकविलेल्या इतर वाचकांनींही, विशेषतः ज्यांना मध्येंच शाळा बदलावी लागली त्यांनीं, आपला अनुभव लिहावा. या घरास त्याचा उपयोग होईल.