मेलेल्याला मेलेला राहू द्या

दिवाळी अंकात मालिकांवर लिहायचे तर दोन वाटा मळलेल्या आहेत. एक नाक मुरडण्याची आणि दुसरी नटनट्यांच्या मुलाखतींची. पहिल्या वाटेने जाणारे लेखक बहुधा आरंभीच सांगून टाकतात की, आपण स्वतः मालिका पाहत नाही, घरात बायका पाहतात तेव्हा कानावर पडते. मी उलट कबुली देतो. मी मालिका पाहतो. रोज पाहतो, दुपारच्या जेवणानंतर पाहतो, आणि ऐंशी ओलांडलेल्या आईच्या शेजारी बसून पाहतो. तेव्हा वाचकहो, पुढे जे भांडण आहे ते घरातले भांडण समजा. परक्याने कुंपणाबाहेरून मारलेले दगड नव्हेत.

आमचे दुधनी सिल्वासापासून चाळीसेक किलोमीटर आत, खानवेलच्या पुढे, दमणगंगेच्या अडवलेल्या पाण्याच्या काठाला आहे. शनिवार-रविवारी होडीत बसायला पर्यटक येतात, फोटो काढतात आणि उन्हे उतरली की निघून जातात. आठवड्याच्या इतर दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला गाव निपचित पडलेले असते. त्या वेळी आमच्या ओटीवर आईखेरीज शेजारच्या दोन काक्या असतात. एकीची बोली वारली, दुसरीची कोकणा. तिघींचा बाजार गुजरातीत होतो, सरकारी कागद हिंदीत येतो, आणि गोष्ट मात्र मराठीत ऐकायची असते. ती गोष्ट आता टीव्हीतून येते.

पुण्या-मुंबईच्या टीकाकारांना हे शेवटचे वाक्य नीट समजावे असे मला वाटते. तुम्हाला मालिका आवडली नाही तर टीव्ही बंद करून नाटकाला जाता येते. आमच्याकडे नाटक येत नाही. मराठी वर्तमानपत्र आले तर शिळे येते. शाळेच्या पुस्तकाबाहेरचे सलग मराठी बोलणे पोरांच्या कानावर पडते ते मालिकेतूनच. म्हणून मालिका गोष्ट कशी सांगते हा प्रश्न सीमेवरच्या माणसाला करमणुकीपुरता राहत नाही. गोष्ट म्हणजे काय, हे आमची पोरे तिथे शिकतात.

आधी मालिकांवरचे दोन खोटे आरोप निकालात काढतो.

पहिला आरोप लांबीचा. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ ते २०१३ अशी बारा वर्षे चालली, तीन हजारांहून अधिक भाग झाले, आणि तिच्या नावातल्या 'चार दिवसां'वर विनोद करून लोक थकले. पण लांबी हा गुन्हा कधीपासून झाला? आमच्याकडे कोकणा समाजात थाळीवर कथा सांगतात. काशाच्या थाळीला मेण लावून त्यात काडी उभी करतात, त्या काडीवरून बोटे ओढली की घूं घूं असा सूर निघतो, आणि त्या सुरावर रामाची, देवांची, कणसरीची कथा रात्रभर चालते. वारल्यांचा भगत घांगळीवर कणसरीचे गाणे लावतो, तेही तासा-दोन तासांत आटपत नाही. ऐकणारे पेंगतात, उठून विडी ओढून येतात, पुन्हा बसतात. लांबीची तक्रार माझ्या आईने कधी केली नाही.

दुसरा आरोप हप्त्यांचा. रोज थोडे थोडे सांगायचे आणि ऐन वेळी थांबायचे, ही म्हणे बाजारू युक्ती. मग हरिभाऊ आपट्यांना काय म्हणणार? 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रात हप्त्याहप्त्यानेच आली. वाचणारे पुढच्या अंकाची वाट पाहत होतेच. पण यमूचा नवरा गेला तो गेला. तिचे केशवपन झाले ते झाले. पुढच्या हप्त्यात तो नवरा स्मृती हरवून एखाद्या धर्मशाळेत सापडला नाही. तसा सापडला असता तर त्या काळच्या वाचकाने क्षणभर टाळी दिली असती, आणि सव्वाशे वर्षांनंतर त्या पुस्तकाचे नाव घेण्याचे कारण उरले नसते.

आता माझा खरा आरोप. तो कलाटणीवर आहे. कलाटणी गोष्टीत हवीच, तिच्यावाचून गोष्ट म्हणजे नुसती हजेरी. पण कलाटणीला मागे कारण लागते आणि पुढे परिणाम लागतो. आजची मालिका दोन्ही बुडवते.

उदाहरण सर्वांना ठाऊक असलेलेच घेतो. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' जुलै २००० मध्ये सुरू झाली. २००१ मध्ये तिच्यातला मिहीर अपघातात मेला. घरोघर बायका रडल्या. आमच्याकडेही रडल्या, मी पाहिले आहे. प्रेक्षकांचा आकांत पाहून त्याला परत आणले गेले, आणि तो आला तो स्मृती हरवून. पुढे मालिकेने वीस-वीस वर्षांच्या उड्या मारल्या, नातवंडांची लग्ने झाली, आणि घरातली बा होती तिथेच राहिली. हा शोध आपलाही नव्हे. अमेरिकेत 'डॅलस' नावाच्या मालिकेत १९८५ साली मेलेला बॉबी १९८६ साली स्नानगृहातून बाहेर आला, आणि मधल्या अख्ख्या वर्षात जे घडले ते बायकोला पडलेले स्वप्न होते असे जाहीर झाले. वर्षभर पाहणाऱ्यांनी तो वेळ कुणाकडे मागायचा?

मराठीत येऊ. 'होणार सून मी ह्या घरची'तल्या जान्हवीचे गरोदरपण महाराष्ट्रभर थट्टेचा विषय झाले, कारण बाळ काही केल्या येईना. लोक हसले. पण माझ्या आईचे म्हणणे निराळे होते. तिचे बोलणे मी माझ्या पुस्तकी मराठीत देतो, त्याबद्दल तिची क्षमा मागून. ती म्हणाली, "बाईच्या पोटात मूल आहे हे यांना आठवतच नाही रे. आठवण आली की तिचा हात पोटावर ठेवतात." इतकी नेमकी समीक्षा मी कुठल्या अंकात वाचलेली नाही.

आमच्या ओटीवरच्या तिघी बायका भोळ्या आहेत असे समजू नका. अमक्याचा डावा पाय मोडला होता आणि आज तो उजव्याने लंगडतो, तमकीने मंगळसूत्र नदीत टाकले होते मग तिजोरीत कुठून आले, हे त्या बसल्या जागी सांगतात. त्यांची स्मरणशक्ती लेखकाहून पक्की आहे. रात्ररात्र थाळी ऐकलेले कान आहेत ते. थाळीवाला चुकला तर म्हातारे तिथेच टोकायचे, आणि तो मागे जाऊन सांधा जुळवून घ्यायचा. टीव्हीला टोकता येत नाही, एवढाच फरक.

असे का होते, याचे कारण गूढ नाही. आठवड्यातून सहा दिवस, दर दिवशी बावीसेक मिनिटे, असा हा रतीब आहे. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. निवडक घरांतल्या यंत्रांवरून दर आठवड्याला आकडे येतात, आकडा घसरला की वाहिनीचा निरोप येतो, आणि कालपर्यंत गरीब असलेली सून आज कुण्या उद्योगपतीची हरवलेली मुलगी निघते. नट सोडून गेला की अपघात, तारखा नसल्या की परदेश, परत आला की स्मृतिभ्रंश. या धंद्याचे मूळ साबणात आहेच. अमेरिकेत रेडिओवर दुपारी बायकांसाठी कथा लागत, त्यांचे पैसे साबण-कंपन्या देत, म्हणून ते नाव पडले. 'गाइडिंग लाइट' नावाची एक मालिका १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, १९५२ पासून टीव्हीवर आली आणि २००९ साली थांबली. बहात्तर वर्षे! तिथेही विसर होता, जुळी भावंडे होती, सारे होते. आपण साबण घेतला, फेस तेवढा दुप्पट केला.

वाहिन्यांचे समर्थन ठरलेले असते: लोकांना हेच आवडते. मला विचाराल तर हा लोकांवर घातलेला आळ आहे. १९८४ साली दूरदर्शनवर 'हम लोग' लागली. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेले ते साधे, कर्जबाजारी, कुरबुरणारे कुटुंब होते. दीडशेच्या वर भाग झाले आणि १९८५ साली गोष्ट संपली म्हणून मालिका संपवली. तेव्हा आमच्या गावात टीव्ही असलेल्या एकाच घरासमोर अंगण भरून माणसे बसत. अँटेना फिरवणारा पोरगा छपरावर, आणि खाली सगळे ओरडणार, "आता दिसले, हात काढू नको!" त्या माणसांना कुणी मेलेला परत आणून दाखवावा लागला नाही. आवडीचे म्हणाल तर दुसरे पान न वाढता "यांना हेच आवडते" म्हणणाऱ्या यजमानासारखे हे आहे.

आता मला हे इतके का लागते, ते सांगतो.

आईचे माहेर पाण्याखाली आहे. मधुबन धरण झाले, पाणी चढत गेले, आणि घर, खळे, देवाची जागा, चिंच, सगळे गेले. ही कलाटणीच की नाही? पण तिला कारण होते आणि तिचे परिणाम अजून चालू आहेत. भाऊ एका गावी गेला, बहीण दुसऱ्या. ज्या पाड्यांचे एकमेकांत येणे-जाणे पायी होते त्यांच्यात होडी आली. काही उन्हाळ्यांत पाणी फार उतरते तेव्हा चिखलात एक बुंधा दिसतो. ती चिंच आपलीच, असे आई म्हणते. कुणी खरे-खोटे करत नाही. पण बुंधा दिसला म्हणून घर परत येत नाही, हे तिला कुणी समजावावे लागत नाही.

या मुलखाने खऱ्या कलाटण्या पुष्कळ पाहिल्या. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटले, ११ ऑगस्ट १९६१ रोजी आम्ही भारतात रीतसर सामील झालो, २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवशी जोडले गेलो. प्रत्येक वेळी पत्ता बदलला, कचेरी बदलली. त्या लढ्यासाठी सुधीर फडक्यांसारखा गायक पुण्या-मुंबईकडून इथे आला होता, हे माझ्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल? ही गोष्ट कुणी मालिकेत घातली नाही. घालतील तेव्हाही नायकाचा जुळा भाऊ पोर्तुगीजांकडे असेल, अशी मला धास्ती आहे.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवत असे. निवृत्तीच्या आदल्या वर्षी सातवीच्या मुलांना गोष्ट लिहायला सांगितली. विषय दिला 'धरण'. म्हटले, घरी आजीला विचारा आणि लिहा. तिसेक वह्या आल्या. मराठी बरे होते, शुद्धलेखन मी धरले त्याहून चांगले. पण अर्ध्याहून अधिक वह्यांत कुणीतरी धरणात पडले, मेले असे सगळ्यांना वाटले, आणि शेवटी स्मृती हरवून परत आले. दोघींनी तर शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरांत 'क्रमशः' लिहिले होते. पाण्याखाली गेलेल्या घराबद्दल एकाही वहीत ओळ नव्हती. ज्यांच्या आज्या त्या घरांतून उठून आल्या त्यांचीच ही पोरे. मी विचारले, "आजीला विचारले नाही का रे?" एक मुलगी म्हणाली, "विचारले गुरुजी. पण तिच्या गोष्टीत पुढे काहीच होत नाही. सगळे जाते आणि जातेच."

त्या दिवशी मी काही बोललो नाही. आज इतक्या वर्षांनी उत्तर देतो आहे. पोरी, तुझ्या आजीचीच गोष्ट खरी गोष्ट होती. सगळे गेल्यावर ती माणसे काय करतात, कुठे चूल मांडतात, कुणाशी बोलेनाशी होतात, हेच 'पुढे' असते. ते लिहायला धीर लागतो. हा धीर तुला गोष्टींनी द्यायला हवा होता. दुपारच्या गोष्टीने तुला पळवाट शिकवली, आणि आम्ही मास्तर लोक गाईडे शिकवत बसलो.

म्हणून माझे मागणे मालिका बंद करा असे नाही. मालिका बंद झाल्या तर आमच्या ओटीवरची मराठी बंद होईल. मागणे तीनच आहे. मेलेल्याला मेलेला राहू द्या. काल जे घडले ते आजच्या भागातल्या माणसांना आठवू द्या. आणि गोष्ट सुरू करताना ती कुठे संपणार हे निदान लिहिणाऱ्याला ठाऊक असू द्या. दिवसाला बावीस मिनिटे मिळतात, त्यांत एवढे बसते. हरिभाऊंना पत्राच्या थोड्या पानांत बसवता आले होते.

हा लेख लिहून झाल्यावर आईला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, "चिंचेचे लिहिलेस ते बरे केलेस. पण खळ्यात विहीरही होती, ती राहिली." घड्याळात दीड वाजत आला होता, काक्या ओटी चढत होत्या. विहीर इथे घातली आहे.