लुगड्याला कात्री?

गेल्या श्रावणात भाचीच्या मंगळागौरीसाठी आजीचे इरकली लुगडे पेटीतून काढले. भाचीचा हट्ट एकच : ते शिवून घ्यायचे. तुळशीबागेत शिवलेली नऊवारी हवी तेवढी मिळते. परकरासारखी चढवली की झाले! मापे घेऊन झाली होती, फक्त कात्री लागायची राहिली होती.

त्याच सकाळी मंडईत गेले. १८८६ साली ही दगडी, अष्टकोनी इमारत उघडली तेव्हा तिचे नाव होते रे मार्केट. आजची आपली महात्मा फुले मंडई. नेहमीच्या मावशी टोपली घेऊन उंच गाळ्यावर चढल्या, मांडी घालून बसल्या, सुटे पैसे कनवटीला खोचले. अंगावर नऊवारी. काष्ट्यामुळे पाय मोकळे. आपण जिला सणापुरती कपाटात ठेवली, ती मुळात कामाची वस्त्ररचना आहे, हे मला पन्नाशीत कळावे!

शिवण्याचा बेत सांगितला तर म्हणाल्या, "ताई, शिवलं की ते एकाच कमरेचं झालं."

खरेच आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर अखंड कापड. आजीला होते तेच नातीला होते. आमच्या आईच्या पिढीने गोल पातळ जवळ केले आणि आमच्या घरातले नेसणे तिथेच तुटले. घाईच्या मुलींनी शिवलेली नऊवारी जरूर घालावी, पण नव्या कापडाची. जुन्याला कात्री नको.

दुपारी भाचीला घेऊन पुन्हा गेले. मावशींनी गाळ्यामागे उभे करून निऱ्या शिकवल्या. मंगळागौरीला फुगडी घालताना दोनदा काष्टा सुटला. दोन्ही वेळा तिचा तिनेच खोचला.