गुण आहेत, शिक्षक कुठे?

अभिनेते शाहू मोडक आणि सदाशिव अमरापूरकर नगरचे, हे आपण अभिमानाने सांगतो. पण जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत कलेचा तास कोणी घ्यायचा, हा प्रश्न टाळतो. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात, लोककलेचेही मिळतात. म्हणजे गुणपत्रिकेत कला मान्य आहे. शिक्षकाच्या बाबतीत मात्र 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीला, तेही शंभरावर पट असेल तरच, अंशकालीन निदेशक दिला. शहरातले मूल खासगी क्लास लावते. अकोले, पाथर्डीच्या वाडीवरच्या मुलाने काय करायचे? तांब्याच्या पोटावर सावली कुठे गडद होते, लांबलचक संवादात श्वास कुठे घ्यायचा, हे शेजारी उभे राहून दाखवणाराच शिकवू शकतो.

दहावीच्या तोंडावर कलेचा तास म्हणजे वेळेचा अपव्यय, असे पालक म्हणतात. त्यांची काळजी खरी आहे. पण मागणी जादा तासांची नाहीच. वेळापत्रकातला कलेचा तास गणिताला उसना देऊ नये, एवढीच आहे. पट कमी असेल तर जवळच्या तीन-चार शाळांना मिळून एक पूर्णवेळ कलाशिक्षक द्यावा. त्याआधी जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षण विभागाने कलाशिक्षकांच्या रिक्त पदांची तालुकानिहाय यादी जाहीर करावी.