अग्निबाण उंच जावा, पण हिशेबाने

विज्ञान मंडळाकडे यंदा नववी-दहावीच्या काही विद्यार्थ्यांनी एक प्रश्न लेखी दिला आहे. अमेरिकेत हौशी लोक मोठ्या शक्तीच्या अग्निबाणाचे किट विकत घेऊन, स्वतः जोडून उडवतात. अशा किटमध्ये फेरबदल करून तो अधिक उंच कसा नेतात, आणि असे काही आपल्या शाळेत करता येईल का? यावर दोन मते आमच्यापर्यंत आली. विश्वस्त मंडळातील काही सदस्यांना वाटते की हा आगीशी खेळ आहे, तो आताच बंद करावा. काही पालक म्हणतात, खर्चाची काळजी करू नका, मोठी मोटर परदेशातून मागवा. आमचे मत या दोन्हींहून निराळे आहे आणि ते सर्वांसमोर स्पष्ट मांडणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

विश्वस्तांची भीती खोटी नाही. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला तेव्हा अमेरिकेतील मुले घराच्या तळघरात रसायने कुटून अग्निबाण बनवू लागली आणि त्यात अनेक जण जखमी झाले. त्यावर उपाय काय निघाला, हे पाहण्यासारखे आहे. नेब्रास्का राज्यातील ऑरव्हिल कार्लाइल नावाच्या जोडे विकणाऱ्या दुकानदाराने १९५४ मध्येच कागदी नळीचा छोटा अग्निबाण तयार केला होता. त्यात कारखान्यात बनलेली, बदलता येणारी मोटर बसत असे. हॅरी स्टाइन या अभियंत्याने ही कल्पना उचलली, सुरक्षेचे नियम लिहिले आणि हौशी लोकांची राष्ट्रीय संघटना उभी केली. म्हणजे मुलांची हौस दाबली गेली नाही. दारू कुटण्याचे काम मुलांच्या हातातून काढून घेतले आणि आकार, वजन व गणित हे काम त्यांच्या हाती दिले. आमच्या मते आपल्यालाही हाच मार्ग घ्यावा लागेल. नुसती बंदी घातली तर हेच प्रयोग शाळेच्या मैदानाऐवजी घराच्या गच्चीवर, कोणाला न सांगता होतील.

आता 'मोठी मोटर आणा' म्हणणाऱ्यांकडे वळू. तिकडे मोटरींना अक्षरे दिलेली असतात आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला एकूण आवेगाची मर्यादा दुप्पट होते. 'एच' वर्ग १६० ते ३२० न्यूटन-सेकंदांचा, 'आय' ३२० ते ६४० चा, 'जे' ६४० ते १२८० चा. 'एच'पासून पुढे मोठी शक्ती मानली जाते आणि त्यासाठी प्रमाणपत्राच्या तीन पायऱ्या आहेत. साधारणपणे १८ वर्षे पूर्ण झाल्यावर पहिली पायरी मिळते, दुसरीला लेखी परीक्षा असते. उड्डाणासाठी तिथल्या विमानवाहतूक प्रशासनाची अनुमती लागते. पण आवेग दुप्पट केला म्हणून उंची दुप्पट होत नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि वाढवलेली शक्ती बरीचशी हवा ढकलण्यातच खर्च होते.

म्हणून जाणकार हौशी माणूस मोटरीच्या आधी किटकडे पाहतो. नळीचा व्यास १० सेंटिमीटरवरून ५ वर आणला तर समोरून दिसणारे क्षेत्रफळ चौथा हिस्सा होते आणि तेवढाच विरोध घटतो. पंखांच्या चौकोनी कडा कानस आणि पॉलिशपेपरने गोल व निमुळत्या करतात, पृष्ठभाग गुळगुळीत करतात, जास्तीचा गोंद काढतात. वजन कमी करणे हाही उपाय आहे, पण एका हद्दीपर्यंतच. प्लास्टिकचा हलका चेंडू आणि क्रिकेटचा चेंडू सारख्याच वेगाने वर फेकून पाहा. हलका चेंडू लवकर थबकतो. मोटर विझल्यावर अग्निबाणाचेही तेच होते, म्हणून प्रत्येक मोटरीला एक योग्य वजन असते आणि ते हिशेबानेच सापडते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे अग्निबाण सरळ जाणे. दिवाळीतल्या बाणाची काडी मोडली तर तो कोणाच्या अंगणात शिरेल याचा नेम नसतो. हौशी अग्निबाणात काडीचे काम पंख करतात. नियम असा की गुरुत्वमध्य हा हवेच्या दाबाच्या केंद्रापेक्षा निदान एक व्यास पुढे असावा. आता कोणी उंचीसाठी पंख कापून लहान केले, तर दाबाचे केंद्र पुढे सरकते. त्याच हौसेने मागे जड मोटर बसवली, तर गुरुत्वमध्य मागे येतो. दोन्ही बदल उंचीसाठी केले, पण दोन्ही मिळून अग्निबाण उलटतो. हे केंद्र काढण्याची सोपी समीकरणे जेम्स बॅरोमन या नासातील अभियंत्याने १९६० च्या दशकात हौशी लोकांसाठी मांडली. आज 'ओपनरॉकेट' नावाची विनामूल्य संगणक-प्रणाली हेच गणित करून देते आणि ती आपल्या संगणक-कक्षात चालू शकते.

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात घ्यावी. त्या प्रमाणपत्राच्या उड्डाणात अग्निबाण किती उंच गेला यावर निकाल ठरत नाही. तो पॅराशूटने सुखरूप परत आला का, हे पाहतात. फार उंच जाणाऱ्या अग्निबाणात हवेच्या दाबावरून उंची ओळखणारे यंत्र बसवतात. ते शिखरावर लहान पॅराशूट उघडते आणि जमिनीपासून दीडशे-दोनशे मीटरवर मोठे, म्हणजे अग्निबाण वाऱ्याबरोबर दूर भरकटत नाही. तिकडच्या शाळांसाठी २००३ पासून जी राष्ट्रीय स्पर्धा होते, तिच्यातही सर्वात उंच जाणारा जिंकत नाही. नेमून दिलेल्या उंचीच्या सर्वात जवळ जाऊन आतले कच्चे अंडे न फोडता परत आणणारा संघ पुढे असतो.

आपल्या देशाने हीच शिस्त पाळली. नोव्हेंबर १९६७ मध्ये थुंबा येथून उडालेला पहिला स्वदेशी 'रोहिणी' अग्निबाण अवघ्या ७५ मिलिमीटर व्यासाचा होता, म्हणून त्याचे नाव आरएच-७५. आरएच-२०० आणि आरएच-५६० हे मोठे अग्निबाण त्याच्या नंतरचे. घन इंधनावरील कामासाठी ओळखले जाणारे आणि १९७९ ते १९८५ या काळात विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक असलेले डॉ. वसंत गोवारीकर हे नाव तर मराठी घरांना सांगायला नको.

तेव्हा शाळेची भूमिका अशी आहे. स्फोटके बनवणे, आयात करणे किंवा बाळगणे यासाठी १८८४ चा कायदा आणि २००८ चे नियम यांनुसार परवाना लागतो. मोटर ही पार्सलने मागवण्याची वस्तू नव्हे. कोणत्याही विद्यार्थ्याने घरी दारू किंवा इंधन बनवू नये, ही आमची सक्त सूचना आहे. मात्र प्रश्न विचारणाऱ्यांना आम्ही परत पाठवणार नाही. शीतपेयाच्या प्लास्टिक बाटलीचे, पाणी आणि सायकलच्या पंपाच्या हवेवर उडणारे अग्निबाण शिक्षकांच्या देखरेखीत, ठरवलेल्या दाबाच्या मर्यादेत आणि सुरक्षित अंतर ठेवून उडवले जातील. प्रत्येक गटाने एका वेळी एकच बदल करायचा, उंची किती वाढेल ते आधी वहीत लिहायचे आणि मग उडवायचे. उंची मोजायला दहावीची त्रिकोणमिती पुरे. ५० मीटरवर उभे राहून कोन ४५ अंश आला, तर उंची सुमारे ५० मीटर.

विज्ञान प्रदर्शनात सर्वात उंच उड्डाणाला बक्षीस राहणार नाही. ज्या गटाचा लिहिलेला अंदाज प्रत्यक्ष उंचीच्या सर्वात जवळ येईल, आणि ज्याचा अग्निबाण न मोडता परत येईल, त्याला ते मिळेल. बाजारातून तयार आणलेले मॉडेल स्पर्धेत घेतले जाणार नाही, मग पालकांनी त्यावर कितीही खर्च केलेला असो.

विश्वस्तांना विनंती एवढीच की सत्रातून दोन रविवार मैदान द्यावे आणि एकदा स्वतः येऊन उभे राहावे. पालकांनी पैशांऐवजी मुलांच्या वहीकडे पाहावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमचा प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर आधी तराजू, कानस आणि वही यांच्याजवळ शोधा. गटांची नावे विज्ञान शिक्षकांकडे नोंदवावीत.