जीपचा एक्सल, हौसेची गाडी: ‘जड म्हणजे मजबूत’ हा हिशेब कुठे चुकतो?

डिसेंबर 2021 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांचा व्हिडिओ तुम्ही मोबाइलवर पाहिला असेल. साधारण 60 हजार रुपये खर्चून, जुने सुटे भाग जोडून त्यांनी जीपसारखी दिसणारी छोटी चारचाकी बनवली होती. स्कूटरसारखी किक मारली की ती सुरू व्हायची. आनंद महिंद्रा यांनी तिचं कौतुक केलं, पण सोबत एक गोष्ट स्पष्ट सांगितली: ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या प्रशासन ती रस्त्यावरून काढायला लावेल. म्हणून बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळालीही.

गोष्ट गोड संपली. पण असा हात आणि अशी हौस असलेली पोरं आपल्याकडे, शहापूर-मुरबाडमध्येही आहेत. जीप, टेम्पो आणि ट्रॅक्टर खोलून-जोडून त्यांचा हात बसलेला असतो. प्रत्येकाच्या दारात बोलेरो येणार नाही. मग अशा पोरांनी काय करायचं? माझं मत असं की, ‘हे बेकायदा आहे, करू नका’ एवढंच सांगून आपण मोकळे होतो, ते चुकतंय. त्यांना आधी तंत्र समजावून सांगायला हवं आणि मग तपासणीचा रस्ताही द्यायला हवा.

त्यासाठी एकच भाग घेऊ. मागचा डिफरन्शियल.

डिफरन्शियल करतो काय?

गाडीच्या मागच्या एक्सलच्या मधोमध जो फुगीर गोल भाग दिसतो, तो हाच. त्याची कामं तीन. प्रोपेलर शाफ्टमधून आलेली फिरकी काटकोनात वळवून चाकांना देणं. वेग कमी करून ओढ वाढवणं. आणि वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त फिरू देणं. माळशेजच्या वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की असती, तर एकाला रस्त्यावर घासावंच लागलं असतं.

मग जीपचाच का बसवतात?

कारण भंगारात तो सहज मिळतो आणि ‘कधी तुटणार नाही’ अशी त्याची ख्याती आहे. ख्याती खरी आहे. माणसांनी खचाखच भरलेली जीप घाटात ओढायलाच तो बनलेला असतो. हौसेची दोन सीटची गाडी मात्र चौकोनी पाइपची असते, हलकी. गडबड इथेच सुरू होते.

पहिली चूक: उसळी

स्प्रिंगच्या वरचं वजन आणि खालचं वजन, असे गाडीच्या वजनाचे दोन भाग असतात. सरळ एक्सल, चाकं, ब्रेक हे खालचं वजन. समजा, भरलेल्या जीपच्या मागच्या चाकांवर 1,000 किलो येतात आणि त्यात एक्सल-चाकांचे 100 किलो. म्हणजे दहावा हिस्सा. तोच एक्सल मागे 300 किलो भार असलेल्या हलक्या गाडीत गेला की हिस्सा होतो एक तृतीयांश.

याचा परिणाम काय? खड्ड्यात एक्सल उसळला की वरची हलकी गाडी त्याला दाबून धरू शकत नाही. उलट एक्सलच गाडीला हलवतो. चाक हवेत राहतं आणि हवेतल्या चाकाला पकड नसते. पावसाळ्यानंतरच्या शहापूर-मुरबाड रस्त्यांवर हे किती वेळा होईल, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. जीपचे जाड पाटे तसेच ठेवले तर आणखी वाईट, कारण एवढ्या कमी वजनाला ते दबतच नाहीत.

दुसरी चूक: वजन मोजलं, पीळ नाही मोजला

‘पन्नास-साठ किलोचा तुकडा आहे, चार ब्रॅकेट मारले की बसतो,’ असा हिशेब नेहमी ऐकू येतो. ब्रॅकेट वजन सहज उचलतात. ते तुटतात पिळामुळे.

सोपं गणित करू. समजा, इंजिनाचा टॉर्क 100 न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गिअरला तो 3.5 पट होतो, डिफरन्शियलमध्ये आणखी 4 पट. चाकांना मिळाले 1,400. चाकं पुढे फिरतात, तेव्हा तेवढ्याच जोराने डिफरन्शियलचं घर उलटं फिरायला बघतं, त्याचं नाक वर उठतं. घर फ्रेमलाच बोल्ट केलेलं असेल आणि पुढच्या-मागच्या ब्रॅकेटमध्ये 30 सेंटिमीटर अंतर असेल, तर प्रत्येक टोकाला सुमारे 4,700 न्यूटन, म्हणजे पावणेपाच क्विंटलच्या आसपास जोर येतो. क्लच झटक्यात सोडला तर त्याहून जास्त. प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक चढाला.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आमच्या टीमने हे अनुभवलंय. आम्ही ब्रॅकेट पातळ पाइपच्या मध्यभागी वेल्ड केला होता. वेल्ड टिकलं, पण त्याच्या शेजारचा पाइपच फाटला. गाडी मैदानात होती म्हणून त्यावर हसता आलं.

उपाय अवघड नाहीत. ब्रॅकेट पाइपच्या मध्ये न लावता जिथे दोन-तीन पाइप एकत्र येतात तिथे लावायचा. जोर त्रिकोणी आधारांनी पसरवायचा. पुढच्या-मागच्या ब्रॅकेटमधलं अंतर जितकं जास्त, तितका प्रत्येकावरचा जोर कमी. मध्ये रबरी बुश हवेत. डिफरन्शियलचं घर बिडाचं असेल तर त्यावर थेट वेल्डिंग नको, कारण उष्णतेने बीड तडकतं. आणि प्रोपेलर शाफ्टचे दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवायचे, नाहीतर वेग वाढताच थरथर सुरू होते आणि जॉइंटचे क्रॉस लवकर जातात.

तिसरी आणि सर्वांत धोकादायक चूक: ब्रेक

जीपच्या एक्सलसोबत जीपचे मोठे ड्रमही येतात. ते भरलेल्या जीपला थांबवण्यासाठी असतात. हलक्या गाडीत ब्रेक दाबला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं आणखी हलकी होतात आणि मोठे ड्रम त्यांना क्षणात जाम करतात. मागची चाकं आधी जाम झाली की गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो. मोकळ्या शेतात ती गिरकी घेईल. कसारा घाटाच्या उतारावर काय होईल?

म्हणून माझा साधा सल्ला: एक्सल गाडीच्या वजनाला शोभेल असा निवडा. मारुती ओम्नीही मागच्या चाकांवरच चालायची आणि तिचा एक्सल छोट्या गाडीसाठीच बनलेला आहे. रुबाब कमी, पण हिशेब बरोबर. आणि भंगारातून काहीही घेताना पावती मागा.

कायदा काय म्हणतो?

कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 39 नुसार नोंदणीशिवाय गाडी चालवता येत नाही. कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलात बदल चालत नाही. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने यावर शिक्कामोर्तब केलं. ‘जुगाड’ हेही मोटार वाहनच, असं कोर्टाने 2013 मध्येच म्हटलं होतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेले भाग बसवणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

नवी गाडी बनवायची तर तिचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीसाठी हे ठीक. घरी एकच गाडी बनवणाऱ्याला ते परवडणार कसं?

ब्रिटनमध्ये यावर तोडगा आहे. तिथे लोक 1950 च्या दशकापासून लोटस सेव्हनसारख्या किट कार घरी जोडतात. अशी एकटी गाडी सरकारी केंद्रात नेऊन तपासून घेता येते. ब्रेक, स्टिअरिंग, सीटबेल्ट, दिवे, धूर असं सगळं पाहिलं जातं. पास झाली की नंबर मिळतो, नापास झाली की दुरुस्त करून पुन्हा या.

इथे जमेल का?

आक्षेप रास्त आहे: उद्या याच गाड्यांत दहा-दहा माणसं कोंबून भाडं मारतील. म्हणून सवलत फक्त खासगी, दोन सीटच्या, वेगमर्यादा घातलेल्या गाडीला द्या. दरवर्षी तपासा. प्रवासी वाहतूक आढळली की नोंदणी रद्द करा. प्राथमिक तपासणी तालुक्याच्या आयटीआयमध्ये आणि अंतिम शिक्का आरटीओचा, असं करता येईल. इंजिनीअरिंगच्या ‘बाजा’ स्पर्धेत विद्यार्थ्यांची गाडी तांत्रिक तपासणीत पास झाल्याशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत. कॉलेजच्या पोरांना जे शिकवतो, ते गॅरेजातल्या पोराला का नको?

तोपर्यंत मात्र अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू नका. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही, आणि अपघात झाला तर समोरच्याच्या घरी द्यायला तुमच्याकडे काहीच नसतं. बनवा जरूर, पण आधी कागदावर 1,400 भागिले 0.3 करून बघा. आणि पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला, तर लाइक करण्याआधी त्या गाडीचा मागचा ब्रॅकेट कुठे वेल्ड केलाय, ते बघा.