कोविडनंतर मुलांच्या रक्तात होणाऱ्या गुंतागुंतीची तपासणी व उपचार मरोळमध्ये मिळण्याबाबत निवेदन

दिनांक : १६ ऑगस्ट २०२१

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका, मुंबई.

विषय : कोविड होऊन गेलेल्या मुलांच्या रक्तचाचण्या, औषधे व पाठपुरावा यांची सोय करण्याबाबत.

महोदय,

आम्ही मरोळ नाका, मिलिटरी रोड, मरोळ पाइपलाइन व मरोळ-मरोशी रस्ता या भागांतील पालक व रहिवासी आहोत. कोविडच्या तिसऱ्या लाटेसाठी मुलांच्या खाटा वाढवल्या जात आहेत, त्याबद्दल आभारी आहोत. मात्र मुलांना मोठा धोका पुष्कळदा कोविड बरा झाल्यावर उद्भवतो आणि तो वेळीच ओळखायला रक्ताची तपासणी जवळ असावी लागते.

संसर्गानंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांना एमआयएस-सी हा अनेक अवयवांना दाह होण्याचा आजार होतो. ताप उतरत नाही, डोळे लाल होतात, पुरळ उठते, पोट दुखते आणि काही मुले शॉकमध्ये जातात. रक्तातील प्लेटलेट व लिम्फोसाइट घटतात, डी-डायमर व फेरिटिन वाढते, गुठळ्या होण्याची भीती असते. मुंबईतील चार मोठ्या रुग्णालयांतील अशा २३ मुलांची नोंद २०२० मध्ये 'इंडियन पीडियाट्रिक्स'मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक मुले शॉकच्या अवस्थेतच दाखल झाली होती. अमेरिकेतील रुग्णालयांचा अभ्यास 'ब्लड' या नियतकालिकात नुकताच आला आहे. त्यात एमआयएस-सीच्या १३८ दाखल रुग्णांपैकी ९ जणांना गुठळ्या झाल्या. आजार विरळा आहे हे आम्ही जाणतो, पण उशीर झाला तर तो मुलाच्या जिवावर बेततो.

आमच्याकडे हे दिवस डेंग्यूचे आहेत. ताप, पुरळ आणि उतरलेल्या प्लेटलेट दोन्हींत दिसतात. डेंग्यू समजून सलाइन चढवत राहिले आणि एमआयएस-सीमुळे हृदय आधीच दुबळे झालेले असले, तर अपाय होतो. शिवाय एमआयएस-सी झालेल्या मुलांचा आरटी-पीसीआर बऱ्याचदा निगेटिव्ह येतो, म्हणून केवळ त्या अहवालावर कोणत्याही मुलाला परत पाठवू नये, असे लेखी आदेश निघावेत. अँटिबॉडी चाचणी त्याच वेळी व्हावी.

महापालिका कोविडसाठी चालवत असलेले सेव्हन हिल्स रुग्णालय आमच्या दारात आहे. तेथे मुलांसाठी सीबीसी, डी-डायमर, फेरिटिन, पीटी व फायब्रिनोजेन या चाचण्या रात्रीही व्हाव्यात. रक्त गोठण्याच्या चाचणीची निळ्या टोपीची नळी खुणेपर्यंत भरली नाही तर नमुना बाद होतो, आणि मग लहानग्याला पुन्हा सुई टोचावी लागते. आमच्यातील एका आईने रात्री साडेअकराला असा नमुना थर्मोकोलच्या डब्यात घालून खासगी लॅब गाठली; तिथे तो कमी भरल्याचे सांगून परत केला. मुलांच्या मापाच्या लहान नळ्या ठेवणे अवघड नाही.

उपचारात इम्युनोग्लोब्युलिन लागते, किलोमागे दोन ग्रॅम. २० किलोच्या मुलाला पाच ग्रॅमच्या आठ कुप्या, आणि एकेक कुपी हजारो रुपयांची. मरोळमधील कारखान्यांत रोजंदारी करणाऱ्या घराने हा खर्च कसा पेलावा? हे औषध, तसेच डॉक्टरांनी सांगितल्यास स्टेरॉइड व हेपॅरिन, महापालिकेने मोफत द्यावे आणि त्यांचा साठा आधीच करून ठेवावा.

घरी सोडताना मराठी व हिंदीत छापील कार्ड द्यावे, त्यात धोक्याची लक्षणे, पुढील रक्तचाचणी आणि हृदयाच्या टू-डी एकोची तारीख असावी. एकोसाठी परळच्या रुग्णालयात जायचे तर रिक्षा वांद्र्यापुढे जात नाही आणि लशीचे दोन डोस न झालेल्या पालकांना लोकलही बंद आहे. म्हणून ती सोय येथेच हवी. वस्त्यांतील खासगी डॉक्टरांनाही ही लक्षणे समजावून सांगावीत. ताप आला की पालक आधी त्यांच्याच दवाखान्यात जातात.

गणेशोत्सव १० सप्टेंबरला सुरू होत आहे. त्या गर्दीत संसर्ग वाढला तर अशी मुले ऑक्टोबरमध्ये दाखल होऊ लागतील. त्यामुळे सोय सप्टेंबर संपण्यापूर्वी व्हावी, आणि त्यासाठी आपण आमच्या प्रतिनिधींना या महिन्यात भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.

आपले नम्र,
मरोळ परिसरातील पालक व रहिवासी